सकाळी साइट लटकते, पण सर्व्हर तर रिकामाच दिसतो (पीएचपी, मायएसक्यूएल)

संत्रामार्केट | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नागपूरला कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेबाचं वेब ॲप आहे, ते सध्या माझ्या गळ्यात आलंय. लिहिलं दुसऱ्याच कुणी. तो आता बंगळूरला असतो, फोन उचलतो, पण "आता आठवत नाही यार" याच्या पुढे जात नाही.

काम तसं साधं. लिलाव झाला की काउंटरवरचे मुनीम शेतकऱ्याची पट्टी करतात: माल, वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. सेव्ह दाबलं की पट्टी क्रमांक पडतो, प्रिंट निघते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. काउंटर पाच. शिवाय दिवसाचे भाव दाखवणारं एक पान आहे, ते काटोल-नरखेडकडची मंडळी घरबसल्या उघडून पाहतात.

सध्या आंबिया बहाराच्या संत्र्यांचा माल जोरात आहे. सकाळी गाड्यांची गर्दी असली की साइट लटकते. ब्राउझरमध्ये चक्र फिरत राहतं आणि मिनिटभराने "५०४ गेटवे टाइमआउट". एक काउंटर अडलं की पाठोपाठ पाचही अडतात, मग भावाचं पानही उघडत नाही. पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या विनंत्या हाताळणारे वर्कर प्रोसेस सांभाळतं ते) रीस्टार्ट केलं की लगेच चालू. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आधीच्या माणसाने क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवतो तो) दर तासाला रीस्टार्ट टाकून ठेवलेला सापडला, म्हणजे आजार जुना आहे.

मशीन भाड्याचं: ४ जीबी रॅम, २ कोअर, उबुंटू, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी ८.१, मायएसक्यूएल ८. एफपीएमच्या लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: "सर्व्हर रीच्ड मॅक्स चिल्ड्रन सेटिंग (२०), कन्सिडर रेझिंग इट". म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त २० वर्कर, ही मर्यादा गाठली.

डोकं चालत नाही ते इथे: लटकलेलं असताना टॉप लावून पाहिलं तर सीपीयू ९७ टक्के मोकळा, लोड (चालू आणि रांगेतले प्रोसेस, सरासरीने) ०.३, रॅमही शिल्लक. मालक म्हणतात मोठा सर्व्हर घ्या, पैसे मी देतो. त्याने सुटेल का?

तर्रीपोहा | सोमवार, रात्री १०:०५

मॅक्स चिल्ड्रन २० काऊन ठेवलं भौ? २०० करून टाका ना. लॉग स्वतःच सांगून राहिला वाढवा म्हणून, अन् तुम्ही इथं धागा काढून राहिले.

फुटाळाकाठ | सोमवार, रात्री १०:१२

सीपीयू रिकामा असताना लटकतंय म्हटल्यावर मला डिस्कचा संशय येतो. बॅकअप सकाळीच चालतो का? आमच्याकडे एकदा डेटाबेसचा डंप ऐन कामाच्या वेळेत लागला होता.

लिनक्सताई | सोमवार, रात्री १०:५०

तर्रीपोहा, जरा दमानं. ती ओळ खोटी नाही, पण विसाचे वीस वर्कर गुंतलेत एवढंच ती सांगते. ते राबतायत की कुणाची तरी वाट बघत बसलेत, हे तिला कळत नाही. सीपीयू ९७ टक्के मोकळा आहे म्हणजे वाट बघत बसलेत. फाटक बंद असताना रस्ता रुंद केला तर काय होईल? जास्त गाड्या उभ्या राहतील.

२०० चा हिशेबही करून बघा. एक वर्कर ६० एमबीचा धरला (तुमच्याकडचा खरा आकडा पीएसच्या आरएसएस रकान्यात दिसेल) तरी १२ जीबी झाले, आणि मशीन ४ जीबीचं. सगळे भरले की आधी स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू होईल. त्यानंही भागलं नाही तर कर्नलचा ओओएम किलर सगळ्यात जाड प्रोसेस शोधून मारेल, आणि अशा मशीनवर तो बहुधा मायएसक्यूएलच असतो. शिवाय मायएसक्यूएलला मुळात १५१ च कनेक्शन चालतात. त्यापुढे "टू मेनी कनेक्शन्स". आज निदान रीस्टार्टने उठतंय, मग तेही नाही.

फुटाळाकाठ, डिस्कचा संशय रास्त होता, पण लोड ०.३ आहे. लिनक्स डिस्कसाठी खोळंबलेले प्रोसेसही लोडमध्ये मोजतो. वीस जण डिस्कवर अडले असते तर लोड वीसच्या आसपास गेला असता. म्हणून माझ्या मते उरतात तीन: बाहेरचं नेटवर्क, डेटाबेसमधलं कुलूप (लॉक, ते एकाच्या हातात असेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं), किंवा एखाद्या फाइलचं कुलूप.

संत्रामार्केट, आज रात्री एफपीएममध्ये स्लोलॉग चालू करा, मर्यादा ५ सेकंद. पाच सेकंदांहून जास्त रेंगाळलेली विनंती कोडच्या कोणत्या ओळीवर उभी आहे ते तो लिहून ठेवतो. आणि उद्या लटकलं की लगेच रीस्टार्ट मारू नका. मुनीमजींकडून दोन मिनिटं मागून घ्या. तेवढ्यात मायएसक्यूएलमध्ये "शो फुल प्रोसेसलिस्ट" आणि इन्फर्मेशन स्कीमातलं "इनोडीबी टीआरएक्स" टेबल (उघड्या ट्रान्झॅक्शनांची यादी; ट्रान्झॅक्शन म्हणजे बदलांचा गठ्ठा, सगळे होतात नाही तर एकही नाही), दोन्हींची नक्कल फाइलीत टाका. मग अडकलेल्या चार-पाच पीएचपी वर्करना एकेक करून एसट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय मागतोय ते दाखवतो) लावा आणि "एसएस -टीएनपी" चालवून कोण कुठे जोडलेलं आहे ते टिपा. मग खुशाल रीस्टार्ट करा. रीस्टार्टने पुरावा पुसला जातो, म्हणून त्याच्या आधी हे सगळं.

तर्रीपोहा | सोमवार, रात्री ११:०२

ताई, चूप बसतो. पण एक सांगा. पीएचपीमध्ये मॅक्स एक्झिक्यूशन टाइम ३० सेकंद असते ना? तं मग हे वर्कर तिसाव्या सेकंदाला मरून काऊन नाही राहिले?

लिनक्सताई | सोमवार, रात्री ११:२०

हा प्रश्न चांगला आहे, फसतात यात पुष्कळ जण. लिनक्सवर ते ३० सेकंद फक्त स्क्रिप्टच्या स्वतःच्या चालण्याचे. डेटाबेसच्या उत्तराची वाट, बाहेरच्या सर्व्हरची वाट, स्लीप, यातलं काहीही त्यात धरलं जात नाही. स्क्रिप्ट दहा मिनिटं फोनला कान लावून बसली तरी घड्याळ पुढे सरकत नाही. खरं घड्याळ एफपीएमकडे आहे, "रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट", पण ते मुळात शून्य असतं, म्हणजे बंद.

कर्वेरोड | मंगळवार, सकाळी ८:१५

ऐन हंगामात पीएचपीवर अडत चालवायची आणि मग रडायचं. नोडमध्ये (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) पुन्हा लिहून काढा, एका प्रोसेसमध्ये हजारो विनंत्या थांबून राहू शकतात. प्रश्नच मिटला.

लिनक्सताई | मंगळवार, सकाळी ८:३०

डिसेंबरात माल भरून असताना कुणी पुन्हा लिहून काढतं का? आणि नोडमध्ये विनंत्या थांबतील, पण डेटाबेसचं कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्या) दहा-वीसचंच असणार. एका ओळीवर कुलूप पडलं तर ते दहा-वीस तिथेच अडतील आणि बाकीचे पूलच्या दारात. भाषा बदलून कुलूप उघडत नाही. आधी पुरावा येऊ दे.

संत्रामार्केट | मंगळवार, दुपारी १:३०

सापडलं बहुतेक. सविस्तर लिहितो, कारण मी पहिल्यांदा भलतीकडेच बघत होतो.

आज नऊच्या सुमारास लटकलं. मुनीमजींना म्हटलं दोन मिनिटं द्या, ते म्हणाले गाडीवाला शिव्या देतोय, एकच देतो. स्लोलॉग उघडला तर वीसपैकी पंधरा नोंदींत सगळ्यात वरची ओळ "सेशन स्टार्ट". आणखी चारांत डेटाबेसची क्वेरी. मला वाटलं सेशनचंच (कोण लॉगिन आहे याची नोंद) काही बिघडलंय, ते फाइलींऐवजी रेडिसवर (मेमरीतला साठा) हलवायचं की काय. एसट्रेस लावला तरी तेच: बहुतेक वर्कर "एफलॉक" (फाइलीचं कुलूप मागणं) वर गप्प, एक अक्षर पुढे नाही.

प्रोसेसलिस्टमध्ये चार कनेक्शन "स्टॅटिस्टिक्स" अवस्थेत, ३८, ३३, २९ आणि १२ सेकंद. चौघांची क्वेरी एकच: पट्टी क्रमांकाचं जे टेबल आहे, त्यातली एकुलती एक ओळ "सिलेक्ट फॉर अपडेट" (वाचतानाच ओळीला कुलूप लावणं). स्टॅटिस्टिक्स म्हणजे कसली आकडेवारी काढतायत हे? टेबलात एकच तर ओळ आहे! त्याखाली एक कनेक्शन "स्लीप", ४४ सेकंद, क्वेरीच्या जागी काही नाही. बाकी काही विशेष दिसलं नाही. सगळ्या नकला जपून ठेवल्या आहेत.

लिनक्सताई | मंगळवार, दुपारी २:१०

त्या "स्लीप"ला धरा. इनोडीबी टीआरएक्सच्या नकलेत त्याच थ्रेड क्रमांकाचं ट्रान्झॅक्शन दिसतंय का, ४४ सेकंदांपूर्वी उघडलेलं? असेल तर ओळीचं कुलूप त्याच्याच खिशात आहे. स्लीपचा अर्थ इतकाच की मायएसक्यूएलला त्याने सध्या काही विचारलेलं नाही. ट्रान्झॅक्शन उघडं टाकून पीएचपी दुसरीकडे कुठेतरी गेलंय.

"स्टॅटिस्टिक्स"वर जाऊ नका. प्रायमरी कीवरून एकच ओळ मागितली असली की ऑप्टिमायझर योजना आखतानाच ती वाचून घेतो. ओळीला कुलूप असेल तर त्याच पाटीखाली ताटकळतो. आकडेवारी वगैरे काही चाललेली नसते.

आता बघा, ४४ सेकंदवाल्या कनेक्शनचं दुसरं टोक कोणत्या पीएचपी वर्करकडे आहे आणि तो वर्कर एसएसमध्ये आणखी कुणाशी जोडलेला दिसतो.

संत्रामार्केट | मंगळवार, दुपारी ३:४५

ताई, बरोब्बर. ट्रान्झॅक्शन ४४ सेकंद जुनं. तो वर्कर बाहेरच्या एका पत्त्याच्या ४४३ पोर्टला "एस्टॅब्लिश्ड". पत्ता मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचा.

मग कोड उघडला. पट्टी जतन करायच्या फंक्शनमध्ये क्रम असा: ट्रान्झॅक्शन सुरू, क्रमांकाची ओळ फॉर अपडेट, पट्टी इन्सर्ट, क्रमांक एकने वाढव, मग कर्लने (बाहेरच्या सर्व्हरला विनंती पाठवणारी लायब्ररी) मेसेज पाठव, उत्तर आलं की ते पट्टीच्या ओळीत लिही, आणि मग कमिट (बदल पक्के). कर्लला टाइमआउट दिलेलाच नाही.

वर आणखी एक. लॉक वेट टाइमआउटची चूक आली की तीच क्वेरी तीनदा पुन्हा करून बघायची सोय आधीच्या माणसाने करून ठेवलीय.

तर्रीपोहा | मंगळवार, दुपारी ३:५२

अरे बाप्पा! म्हणजे एका मेसेजपायी अख्खी मंडी उभी?

लिनक्सताई | मंगळवार, सायंकाळी ५:३०

हो, आणि साखळी बघण्यासारखी आहे. मेसेजवाल्याचं उत्तर रेंगाळलं की पहिलं काउंटर कर्लवर थांबतं. कर्लला एकूण वेळेची मर्यादा मुळात शून्य, म्हणजे मर्यादाच नाही. फक्त जोडणी होण्यासाठी ३०० सेकंदांचं बंधन असतं, आणि इथे जोडणी तर झालेली आहे. कुलूप त्याच्याकडे, म्हणून उरलेली चार काउंटरं मायएसक्यूएलच्या दारात. तिथे इनोडीबीची लॉक वेट मर्यादा ५० सेकंद, त्यानंतर १२०५ क्रमांकाची चूक. त्यावर तुमचा कोड आणखी तीनदा प्रयत्न करणार, म्हणजे एकेक वर्कर तीन मिनिटांच्या वर अडकू शकतो. तोवर एनजिनएक्सने साठाव्या सेकंदाला ५०४ दाखवून हात झटकलेले.

राहिले पंधरा "सेशन स्टार्ट"वाले. ते मुनीमजींचे एफ-५ आहेत. पीएचपीचं साधं सेशन फाइलीत असतं, आणि विनंती संपेपर्यंत त्या फाइलीला कुलूप असतं. चक्र फिरतंय म्हणून मुनीमजी रिफ्रेश मारतात. ब्राउझर जुनी विनंती सोडून देतो, एनजिनएक्सच्या लॉगमध्ये त्याची ४९९ अशी नोंद पडते. पण आतलं पीएचपी काही बाहेर पाठवायला जाईपर्यंत त्याला गिऱ्हाईक उठून गेल्याचा पत्ता नसतो. जुनी विनंती आत अडलेलीच, नवी तिच्या सेशन फाइलीसाठी बाहेर. पाच काउंटरं, प्रत्येकी तीन रिफ्रेश: झाले पंधरा, आणि मूळच्या पाच. तुमचे वीस.

म्हणजे वीसपैकी एकोणीस निर्दोष. खरा अडलेला एकच, आणि पाच सेकंदांचा निकष लावला की निर्दोषांचीच नावं लॉगभर दिसतात.

मोठ्या सर्व्हरचं म्हणाल तर हा हिशेब मालकांना दाखवा. पट्टीला ०.२ सेकंद लागत असतील तर सेकंदाला ३ विनंत्या आल्या तरी सरासरीने एक वर्करही पूर्ण गुंतत नाही. तीच विनंती २० सेकंद थांबायला लागली की ६० वर्कर लागतात. गर्दी तेवढीच, मशीन तेच, फक्त थांबणं वाढलं. याला लिटलचा नियम म्हणतात, १९६१ मध्ये सिद्ध झालेला. रांगेत उभे असलेले म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ.

काटोलची_बाग | मंगळवार, सायंकाळी ७:१०

मी कॉम्प्युटरवाला नाही, बागवाला आहे. मुलाने हा धागा दाखवला. गेल्या हंगामात दुसऱ्या एका अडत्याकडे (नाव घेत नाही) माझ्या मोबाइलवर पट्टीचा मेसेज आला, क्रमांकासकट. पैसे घ्यायला गेलो तर त्या क्रमांकावर सावनेरच्या माणसाचा माल. माझी पट्टी वहीत नाहीच. मेसेज दाखवला म्हणून मिटलं, नाही तर वजनाची चिठ्ठी शोधत बसलो असतो. हे असंच काही असेल का जी?

लिनक्सताई | मंगळवार, सायंकाळी ७:४०

भाऊ, त्यांच्या आतलं मला माहीत नाही, पण संत्रामार्केटच्या कोडमध्ये हे हमखास होईल. बघा कसं: मेसेज पलीकडे पोचला, फक्त "पोचला" हे उत्तर यायला वेळ लागतोय. इकडे कुणीतरी वैतागून रीस्टार्ट मारला. पीएचपी मेलं, कनेक्शन तुटलं, कमिट झालेलंच नव्हतं म्हणून मायएसक्यूएलने पट्टी मागे घेतली आणि क्रमांकही मोकळा केला. पुढच्या शेतकऱ्याला तोच क्रमांक मिळाला. आधीच्याच्या मोबाइलवर मात्र मेसेज तसाच राहिला.

संत्रामार्केट, तो तासाचा क्रॉन आजच्या आज काढा. लटकणं एक वेळ चालेल, हे नाही चालणार.

संत्रामार्केट | मंगळवार, रात्री ८:०५

काढला. मुनीमजींना विचारलं, तर म्हणाले "होते दोन-तीनदा असं, आम्ही हाताने दुरुस्त करतो." मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता दुरुस्ती. मेसेज कमिटच्या खाली आणतो, कर्लला ५ सेकंदांचा टाइमआउट देतो. आणि क्रमांकाचं हे कुलूप मुळातच काढून ऑटो इन्क्रिमेंट (मायएसक्यूएल स्वतःच पुढचा आकडा देतं) वापरू का? तोच तर अडथळा आहे.

बर्डीचा_हिशेबनीस | मंगळवार, रात्री ८:३०

ऑटो इन्क्रिमेंटवर जाण्याआधी मालकांच्या ऑडिटरला विचारा. ट्रान्झॅक्शन रद्द झालं तरी ऑटो इन्क्रिमेंटचा आकडा परत येत नाही, मध्ये खंड पडतो. ४१७ नंतर थेट ४१९ दिसलं की आमच्यासारखे लोक विचारणारच, ४१८ कुठे गेली? फाडली? दडवली? पट्टीपुस्तकाचा अनुक्रम सलग हवा, हा आग्रह कागदाच्या काळापासूनचा आहे आणि माझ्या मते योग्यच आहे.

लिनक्सताई | मंगळवार, रात्री ८:५५

हिशेबनीसांशी सहमत. कुलूप राहू द्या. ट्रान्झॅक्शनमध्ये फक्त डेटाबेसचं काम उरलं की ते काही मिलिसेकंदांत सुटेल, आणि पाच काउंटरांना ते जाणवणारही नाही. कुलूप हातात धरून बाहेर फोन लावायचा नाही, एवढं पाळा.

पण मेसेज नुसता कमिटच्या खाली आणून थांबू नका. मग पट्टी वाचते, तरी काउंटर मेसेजसाठी पाच सेकंद अडतंच, आणि कमिट झाल्यावर वीज गेली तर मेसेज कायमचा राहून जातो. त्यापेक्षा "पाठवायचे मेसेज" असं एक टेबल करा. पट्टीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्यात एक ओळ टाका: मोबाइल, मजकूर, अवस्था, किती प्रयत्न झाले. पट्टी टिकली तर ओळ टिकते, पट्टी रद्द तर ओळही रद्द. पाठवायचं काम वेगळ्या स्क्रिप्टकडे, वेब सर्व्हरशी तिचा संबंध नाही. एकाहून जास्त स्क्रिप्ट चालवणार असाल तर मायएसक्यूएल ८ मध्ये "स्किप लॉक्ड" आहे, एकीने उचललेल्या ओळी दुसरी सोडून पुढे जाते.

फुटाळाकाठ | मंगळवार, रात्री ९:२०

टाइमआउटमध्ये एक मेख आहे. पाच सेकंदांत उत्तर आलं नाही म्हणून कर्ल थांबलं, तर मेसेज गेला की नाही गेला? दोन्ही शक्य आहेत. डोळे मिटून पुन्हा पाठवलात तर शेतकऱ्याला एकाच मालाचे दोन मेसेज. मेसेज कंपनीच्या एपीआयमध्ये आपला स्वतःचा संदर्भ क्रमांक देता येतो का आणि तोच पुन्हा आला तर ते दुसऱ्यांदा पाठवत नाहीत ना, हे त्यांना विचारून घ्या. तसं नसेल तर पुन्हा पाठवण्याआधी त्यांच्याकडून डिलिव्हरीची अवस्था मागा. आणि मजकूर मनाने बदलू नका, डीएलटीवर (मेसेजचे साचे आधी नोंदवायची दूरसंचार व्यवस्था) नोंदवलेल्या साच्याशी जुळला नाही तर मेसेज अडवला जाईल, मग तो वेगळाच घोळ.

तर्रीपोहा | मंगळवार, रात्री ९:३१

अन् मुनीमजींच्या एफ-५चं काय? ते तं मारणारच. बटन चाललं नाही की माणूस पुन्हा दाबते, लिफ्टचं असो की पट्टीचं.

लिनक्सताई | मंगळवार, रात्री ९:५०

हेच विसरले होते, बरं झालं काढलंत. सेव्हनंतरचा एफ-५ म्हणजे तोच फॉर्म पुन्हा पाठवणं. कुलूप सुटलं की रांगेतल्या रिफ्रेशमधून त्याच मालाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्याही तयार होत असणार. फॉर्म उघडतानाच त्यात एक न दिसणारा टोकन टाका आणि पट्टीच्या टेबलात त्या रकान्याला युनिक की (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारी) लावा. तोच टोकन पुन्हा आला तर नवी पट्टी न करता आधीचीच दाखवा.

सेशनचंही सोपं आहे. कोण लॉगिन आहे एवढं वाचून झालं की लगेच "सेशन राइट क्लोज" करा, फाइलीचं कुलूप तिथेच सुटतं. त्यासाठी रेडिस वगैरे आणायची गरज नाही.

आणि एफपीएमचा रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट ४० सेकंद ठेवा. तो शेवटचा आधार. रोज कामाला येत असेल तर समजा कोडमध्ये अजून काहीतरी उघडं आहे.

कर्वेरोड | बुधवार, सकाळी ९:००

ठीक आहे, नोडचा आग्रह सोडला. पण देखरेखीचं कुणीच बोलत नाहीये. एफपीएमचं स्टेटस पान चालू करा: किती वर्कर गुंतलेत, बाहेर किती ताटकळलेत, कमाल मर्यादा कितीदा गाठली, सगळं दिसतं. फक्त एक: ते पानही एखादा वर्करच देतो. सगळे अडले की स्टेटसही अडतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा नाही. पीएचपी ८.० पासून स्टेटससाठी वेगळा दरवाजा देता येतो, "स्टेटस लिसन". तुमचं ८.१ आहे, लावून टाका.

लिनक्सताई | बुधवार, सकाळी ९:१५

हे मात्र लाख बोललात.

संत्रामार्केट | रविवार, सायंकाळी ६:२०

उशिरा लिहितोय, माफ करा. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे बर्डीकडचे रस्ते बंद, त्यात कळमन्याला रोज जाणं चाललंय.

गुरुवारी रात्री बदल चढवले. मेसेजचं टेबल, पाठवणारी स्क्रिप्ट (सिस्टिमडीची सर्व्हिस केली, मेली तर आपोआप उठते), फॉर्मचा टोकन, सेशन लवकर बंद, कर्लला जोडणीसाठी ३ आणि एकूण ५ सेकंद. क्रमांकाचं कुलूप जसंच्या तसं. तीनदा प्रयत्न करणारा तो लूप काढून टाकला. मॅक्स चिल्ड्रन २० च आहे.

शनिवारी खरी परीक्षा झाली. सकाळी मेसेज कंपनीकडून उत्तरं थांबली. टेबलात न गेलेल्या मेसेजची रांग वाढत गेली, दोनशेच्या वर पोचली, आणि इकडे काउंटरांवर पट्ट्या निघतच होत्या. स्टेटस पानावर एका वेळी दोन-तीनच वर्कर गुंतलेले दिसत होते. दहाच्या आसपास तिकडून उत्तरं सुरू झाली आणि रांग आपोआप ओसरली. तक्रार आली ती एकच, "मेसेज उशिरा आला." त्यावर मुनीमजींनी परस्परच उत्तर देऊन टाकलं, "प्रिंट हातात आहे ना? मग."

कंपनीला संदर्भ क्रमांकाचं विचारलं. सोय आहे त्यांच्याकडे, आधीच्या कोडमध्ये तो रकाना रिकामा पाठवला जात होता.

एक काम राहिलंय आणि ते कोडचं नाही. या हंगामातल्या दुबार पट्ट्या. एकच शेतकरी, तेच वजन, तोच भाव, दोन-तीन मिनिटांच्या आत दोन नोंदी, अशी यादी काढली. पण एकाच शेतकऱ्याच्या दोन गाड्यांचं वजन खरंच सारखं भरू शकतं, म्हणून डोळे मिटून एक उडवता येत नाही. हिशेबनीस, दुबार निघालेली पट्टी खोडायची की रद्द दाखवायची?

बर्डीचा_हिशेबनीस | रविवार, सायंकाळी ७:००

खोडायची नाही. क्रमांक जागेवर राहू द्या, रक्कम शून्य, शेऱ्यात "दुबार, रद्द" आणि मूळ पट्टीचा क्रमांक. कुणी रद्द केली आणि कधी, तेही. काट्याच्या चिठ्ठ्या जपलेल्या असतील तर प्रत्येक पट्टीसमोर चिठ्ठी लावून बघा. ज्या पट्टीला चिठ्ठी नाही ती दुबार.

तर्रीपोहा | रविवार, सायंकाळी ७:०८

अन् ज्यायचे मेसेज गेले पण पट्टीच नाही, काटोलच्या काकांसारखे, त्यायचं?

संत्रामार्केट | रविवार, सायंकाळी ७:४०

त्यासाठी मेसेज कंपनीकडून हंगामाचा पूर्ण डिलिव्हरी रिपोर्ट मागवलाय. त्यातला पट्टी क्रमांक आणि मोबाइल आपल्या टेबलाशी ताडून बघणार. जिथे क्रमांक एक आणि मोबाइल दोन, तिथे पहिल्याला फोन. मालक म्हणाले फोन मी स्वतः करतो.

काटोलची_बाग | रविवार, रात्री ८:१५

मालकांना म्हणा दुपारी एक ते तीन करू नका, तेव्हा सगळे बागेत तोडणीवर असतात, फोन घरी चार्जिंगला असते.